रक्तातला ‘दोष’ आणि लग्नाची बोलणी



प्रायश्चित्तकाळ संपून पुनरुत्थानाचा सण झाला की आपल्या धर्मग्रामात लग्नाच्या बोलण्यांना वेग येतो. मुलगा काय करतो, शेती किती, घर स्वतःचे की भाड्याचे, पितो का, हे प्रश्न जुनेच आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. तो मोठ्याने विचारला जात नाही. चहाचे कप परत नेताना एखादी मावशी किंवा आत्या आतल्या खोलीत हळूच विचारते, “पॅटर्न कोणता?”

विदर्भाबाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळणार नाही. आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतो. ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे प्रयोगशाळेतले शब्द आता आपल्या घराघरात आले आहेत. सिकलसेल तपासणीची पथके आश्रमशाळांत आणि गावांत येतात, कार्ड देतात, आणि कार्डावरची ती दोन अक्षरे मुलामुलींच्या मागे कायमची लागतात. आमचा आजचा प्रश्न या अक्षरांबद्दल आहे. ती माणसाबद्दल नेमके काय सांगतात? ती दुसऱ्याला सांगण्याचे बंधन आपल्यावर आहे का? आणि सांगितल्यावर ऐकणाऱ्याने काय करावे?

आधी शब्दांचा अर्थ नीट लावू, कारण पुष्कळ अन्याय अर्थ न लावल्यामुळेच होतो. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसातला प्राणवायू ते शरीरभर पोहोचवते. ते कसे घडवायचे याची सूचना प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक वडिलांकडून. नेहमीच्या सूचनेला ‘ए’ म्हणतात, बदललेल्या सूचनेला ‘एस’. ज्याच्याकडे दोन्ही प्रती ‘एस’ आहेत तो एसएस, म्हणजे रुग्ण. त्याच्या पेशी प्राणवायू कमी झाला की वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे आणि सांधे असह्य दुखतात, रक्त कमी पडते, साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. ज्याच्याकडे एक ‘ए’ आणि एक ‘एस’ आहे तो एएस, म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेतात राबतो, पोलीस भरतीसाठी धावतो, म्हातारा होतो, आणि बहुतेकदा आपण वाहक आहोत हे तपासणीविना त्याला कळतही नाही.

येथे आणखी एका शब्दाचा घोळ आहे. पहिली स्वस्त तपासणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट, रक्तात ‘एस’ आहे एवढेच सांगते. एक आहे की दोन, हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. पण पहिल्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असते आणि आपल्या लोकांनी तो शब्द एचआयव्हीच्या आणि कोरोनाच्या दिवसांत ऐकलेला आहे. झाले, पोरगी ‘पॉझिटिव्ह निघाली’ एवढीच बातमी तांड्यापासून गावापर्यंत पोहोचते. पुढची तपासणी करायला कोणी थांबत नाही.

सिकल म्हणजे विळा, आपला इळा. हा शब्द रक्ताला पहिल्यांदा लावला जेम्स हेरिक या शिकागोच्या डॉक्टरांनी. 1910 साली त्यांनी एका रुग्णाच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या विचित्र पेशींचे वर्णन छापले. रुग्ण होता कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. लेखात त्याचे नाव नव्हते. रुग्णाचे नाव न छापण्यात वावगे काही नाही. पण वैद्यकाच्या पुस्तकांत पुढे कित्येक दशके तो ‘हेरिक यांचा रुग्ण’ म्हणूनच राहिला. त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल होते, तो शिकून आपल्या बेटावर परतला, तिथे त्याने दातांचा दवाखाना चालवला आणि 1916 साली न्यूमोनियाने तरुणपणीच वारला, हे संशोधकांनी जगापुढे आणले ते 1980 च्या दशकात. आजाराला नाव मिळाले आणि माणूस तेवढा बिननावाचा राहिला. आमच्या मते ही केवळ अमेरिकेतली जुनी गोष्ट नाही. आपल्या बोलण्याकडे लक्ष द्या. “तिला सिकलसेल आहे” असे आपण एकदा म्हणतो आणि चौथ्या वेळेपर्यंत “ती सिकलसेल आहे” असे होते. मराठीतला एक ‘ला’ गळाला की माणूस आजार होऊन बसतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात अॅरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून एक भेद शिकवला जातो: वस्तू मुळात काय आहे ते वेगळे, आणि तिच्या ठायी काय काय आढळते ते वेगळे. उंची, रंग, आजार हे आढळणारे. माणूसपण हे मूळ. विज्ञानातली संज्ञा आढळणाऱ्याला नाव देते, ते तिचे काम आहे आणि ती ते चोख करते. मूळ काय ते सांगणे हे तिचे काम नव्हे, आणि तसा दावा ती करतही नाही. दावा आपण करतो.

खरा गोंधळ होतो तो आपल्या एका शब्दामुळे. आरोग्याच्या पत्रकांतही ‘आनुवंशिक दोष’ असे छापलेले असते. मराठीत दोष म्हणजे उणीव आणि दोष म्हणजे अपराधही. काचेत दोष असतो आणि कोर्टात माणूस दोषी ठरतो. आयुर्वेदातले वात, पित्त, कफ हे त्रिदोष म्हणजे काही गुन्हे नव्हेत, पण पत्रिकेतला मंगळदोष मुलीच्या माथी गुन्ह्यासारखाच मारला जातो. आपण ख्रिस्ती लोक पत्रिका पाहत नाही असे अभिमानाने सांगतो. मग रक्ताच्या रिपोर्टाची पत्रिका करून मुलगी नाकारण्यात आपण कोणता मोठा सुधारकपणा करतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून हाच प्रश्न विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. संदेष्टा यहेज्केल अठराव्या अध्यायात बापाचा अपराध लेकाच्या खात्यावर मांडू नका असे किती आग्रहाने सांगतो, ते घरी उघडून वाचावे. काही जण आम्हाला म्हणतात, “फादर, मूळ पापही वंशातूनच येते ना?” येते. परंतु ख्रिस्तसभा स्पष्ट शिकवते की मूळ पाप ही आपण केलेली कृती नव्हे, तो वैयक्तिक अपराध नव्हे. मग जे पापसुद्धा नाही, निव्वळ एका जनुकातला बदल आहे, त्याचा अपराध कुठून आणायचा?

हा बदल आहे तरी केवढा? अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली दाखवले की सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचे कारण थेट रेणूपर्यंत नेऊन दाखवल्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. पुढे 1956-57 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली: हिमोग्लोबिनच्या 146 दुव्यांच्या एका साखळीत सहावा दुवा बदललेला आहे. बाकीचे 145 जसेच्या तसे. आणि 1954 साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवले की वाहक मुलांना मलेरियाच्या घातक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच ‘एस’ टिकून राहिला तो जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसे नेली अशा भागांत: आफ्रिकेत, भूमध्य समुद्राकाठी, आणि आपल्या मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात. ज्या ‘दोषा’वरून आज एखाद्या घराण्याची सोयरीक मोडते, त्यानेच कदाचित त्या घराण्यातल्या एखाद्या पणज्याला बाळपणी तापातून वाचवले असेल. अर्थात एसएस लेकराच्या आईला याचे सांत्वन वाटावे अशी अपेक्षा आम्ही करणार नाही.

आता गणित. ते संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांचे आहे, आणि ते आपलेच, ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते हे पुष्कळांना ठाऊक नसते. ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढवून, मोजून, 1866 साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. त्यांच्या हयातीत फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1900 साली जगाला त्यांची महती कळली. काही गुण एका पिढीत दडून राहतात आणि पुढच्या पिढीत वर येतात, हे त्यांनी दाखवले. प्रभावी आणि अप्रभावी हे शब्द तिथून आले. त्यांच्या हिशेबाने वाहक आणि अवाहक यांचे लग्न झाले तर मुलांपैकी कोणी वाहक होऊ शकेल, सिकलसेलचा रुग्ण होणार नाही. (त्यातही अवाहक जोडीदार थॅलॅसेमियासारख्या दुसऱ्या रक्तविकाराचा वाहक नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.) दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता एसएस बाळाची, दोन वाहकाची, एक पूर्ण मुक्त बाळाची. ‘चारांत एक’ म्हणजे पहिले लेकरू आजारी निघाले तर पुढची तीन सुटली असे नव्हे. दर वेळी फासा नव्याने पडतो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते, ती आम्हाला वेदीवरून सांगावीशी वाटते. एसएस बाळाचा एक ‘एस’ आईचा असतो आणि दुसरा बापाचा असतो, जवळजवळ नेहमीच. तरीही आजारी लेकरू झाले की सून वाईट पायाची, तिच्या माहेरचे रक्त वाईट, हे ऐकू येतेच. ज्या सासूने सुनेला हे ऐकवले तिने आपल्या लेकाचे रक्त तपासावे.

मग सांगावे की लपवावे? पुष्कळ आईबाप आम्हाला विचारतात की गप्प राहिले तर पाप लागेल का. त्यांची भीती खोटी नाही. मुलगा एकवेळ खपतो, मुलगी बसून राहते. पण आमचे उत्तर स्पष्ट आहे. सांगावे, आणि साखरपुड्याआधी सांगावे. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला, होणाऱ्या लेकरांच्या आयुष्याशी थेट जोडलेली गोष्ट ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मकायद्यातले 1098 वे कलम असे सांगते की संमती मिळवण्यासाठी, वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटू शकेल अशा एखाद्या गोष्टीबाबत मुद्दाम फसवणूक केली असेल, तर ते लग्न वैध ठरत नाही. प्रत्येक लपवाछपवीला हे कलम लागू होते असे नव्हे. तो निर्णय धर्मप्रांताच्या न्यायालयाचा. पण ‘थोडे झाकले तर काय बिघडते’ असे म्हणणाऱ्यांनी हे कलम अस्तित्वात आहे एवढे ध्यानात ठेवावे.

मात्र सांगणाऱ्यावर बंधन घालून ऐकणाऱ्याला मोकळे सोडले तर काय होते, तेही पाहू. ग्रीसमध्ये ऑर्खोमेनॉस नावाच्या भागात सिकलसेलचे वाहक खूप होते. तिथेही लग्ने आपल्यासारखीच घरच्यांनी ठरवलेली असत. तिथे तपासणी करून प्रत्येकाला आपली स्थिती सांगण्यात आली, म्हणजे वाहक वाहकाशी लग्न टाळतील. काही वर्षांनी संशोधक परत आले तेव्हा दिसले की वाहकांना डाग लागला होता, काहींनी आपली स्थिती लपवली होती, आणि वाहक-वाहक लग्ने तपासणीविना झाली असती साधारण तेवढीच झाली होती. माहिती होती. ती सांगता येईल असे गाव नव्हते. अमेरिकेत 1970 च्या दशकात तपासणीची मोठी मोहीम झाली आणि निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारल्याची उदाहरणे घडली.

विद्वानही यातून सुटले नाहीत. ज्या पॉलिंग यांचे नाव वर घेतले, त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल 1954 साली मिळाले आणि शांततेचे 1962 सालचे. अणुचाचण्यांविरुद्ध झगडलेला हा माणूस. त्यांनी 1968 साली लिहिले की ‘एस’ जनुक असलेल्या तरुणांच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखतील आणि प्रेमातच पडणार नाहीत. हेतू लेकरांचे दुःख वाचवण्याचा होता याबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु राखेच्या बुधवारी आम्ही ज्या कपाळांवर राख लावतो आणि बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या कपाळांवर क्रुसाची खूण करतो, त्या कपाळांवर ‘एएस’ गोंदवलेले आम्ही डोळ्यांपुढे आणून पाहिले. रेणूबद्दल त्यांचे म्हणणे निर्विवाद होते. कपाळाबद्दल बोलण्याचा अधिकार त्यांना त्या रेणूने दिलेला नव्हता.

सायप्रस बेटावर वेगळे घडले. तिथे थॅलॅसेमिया फार. 1980 च्या दशकापासून तिथले ऑर्थोडॉक्स चर्च लग्नाआधी तपासणी केल्याचा दाखला मागते. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला एवढेच त्या दाखल्यात असते. लग्न करावे की नाही, हे चर्च ठरवत नाही. आपल्याही काही मंडळींनी सुचवले आहे की जाहीरनामे वाचण्याआधी रिपोर्ट मागावा. आम्ही यावर विचार केला आणि आमचे मत विरुद्ध आहे. एक तर तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. पत्रिका छापून झालेल्या असतात, मंडपाची सुपारी गेलेली असते. अशा वेळी मिळालेली माहिती निर्णयाला उपयोगी पडत नाही, फक्त भांडणाला पडते. दुसरे, जाहीरनाम्यात विचारली जाते ती लग्नाची अडचण, आणि सिकलसेल ही ख्रिस्तसभेच्या दृष्टीने अडचण नाही. पोप अकरावे पायस यांनी 1930 सालच्या विवाहावरील परिपत्रकात हे बजावले, तेव्हा ‘सुप्रजनना’च्या नावाखाली कमकुवतांची लग्ने बंद करण्याचे वारे जगभर होते. आणि बारावे पायस यांनी 1958 च्या सप्टेंबरात, मृत्यूच्या काही आठवडे आधी, रक्तविकारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे नेमक्या याच प्रश्नावर भाषण केले: आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांना लग्नाविषयी सावध करणे, प्रसंगी परावृत्त करणेही योग्य, मनाई करणे योग्य नव्हे. लग्न हा माणसाचा मूलभूत हक्क आहे.

तर दोघेही वाहक आहेत आणि एकमेकांवर जीव आहे, अशी जोडपी आमच्याकडे आली तर? आम्ही त्यांना वरचे गणित कागदावर मांडून देऊ. एसएस लेकराचे दुखणे कसे असते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अशा घरात एक दिवस बसून कळते, तिथे जाऊन या असे सांगू. हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे आहेत, वेळेवर लस, भरपूर पाणी, थंडीपासून जपणे, ताप आला की लगेच दवाखाना, यांनी आज पुष्कळ मुले मोठी होतात, तेही सांगू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे सांगू. गर्भातल्या बाळाची तपासणी करून ते पाडण्याचा सल्ला त्यांना कुठेतरी मिळेल, आणि तो मार्ग आपला नाही, हे लग्नाआधीच सांगू, कारण नंतर सांगणे फार क्रूर होते. एवढे ऐकून ते थांबले तर त्यांनी प्रेमाशी गद्दारी केली असे कोणी म्हणू नये. एवढे ऐकून ते वेदीपाशी आले, तर आम्ही त्यांचे लग्न आनंदाने लावू.

केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली आणि 2047 पर्यंतचे लक्ष्य ठरले आहे. मोहीम चांगली आहे, औषध आणि तपासणी गरिबापर्यंत पोहोचणे हीच मोठी गोष्ट. ‘निर्मूलन’ या शब्दाशी मात्र आम्ही थोडे अडखळतो. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाले, तेव्हा विषाणू गेला आणि माणूस राहिला. येथे विषाणू नाही. येथे ‘एस’ कोणाच्या तरी रक्तात आहे, त्याच्या आईच्या होता, आजीच्या होता. दुःख संपवायचे आहे की दुःख होऊ शकेल अशी माणसे, हा प्रश्न सरकारी कागदाने सोडवायचा नसतो. आपापल्या ओसरीवर बसून, सोयरीक जुळवताना आपणच तो सोडवत असतो.

म्हणून आमची विनंती मुख्यतः आठवी ते दहावीतल्या मुलामुलींच्या पालकांना आहे. लग्नाची बोलणी अजून दूर आहेत तेव्हाच तपासणी करून घ्या. शासकीय रुग्णालयात ती विनामूल्य होते. पहिला कागद ‘पॉझिटिव्ह’ आला तर पुढच्या तपासणीशिवाय परतू नका. निकाल मुलाला स्वतःला समजावून सांगा. तो त्याचा आहे. अर्थ लागला नाही तर रविवारच्या मिस्सेनंतर आम्हाला भेटा, आम्ही डॉक्टरांकडे बरोबर येऊ. धर्मग्रामाच्या कचेरीत रिपोर्टाची प्रत जमा करण्याची गरज नाही, आणि कोणी मागितली तरी देऊ नये.